गोळी कायच्यात दिली?

जनावराला औषध दिलं असं कुणी सांगितलं, की ते कोणतं, किती, केव्हा, हे बशीरभाई नंतर विचारत. पहिला प्रश्न ठरलेला असे.

"कायच्यात?"

म्हणजे कशात. पाण्यात, ताकात, गुळात की पिठाच्या गोळ्यात. उत्तर मिळेपर्यंत ते जनावराला हात लावत नसत. एकदा माझ्यादेखत एका बाईनं बोकड आणला. जंताचं औषध देऊन दोन दिवस झाले होते आणि तेव्हापासून बोकड भिंतीला डोकं लावून उभा होता.

"औषध तं तुमचंच होतं भाऊ," बाई म्हणाली.

"कायच्यात देलं?"

बाईनं पदर सारखा केला, मागं कोण उभं आहे ते पाहिलं. "थोडीशी मोहाची होती घरी. कडू लागन म्हणून तिच्यात देलं."

"मंग हा बिमार नाई बाई. याची उतरली नाई अजून. सावलीत बांध, पाणी पाज. अन् घरच्या मालकाले सांग, त्याचा हिस्सा बोकडानं पेला."

बाई पदरात हसली. बशीरभाई हसले नाहीत. ते चिडलेलेच होते. माणसं औषध देतात आणि त्याचबरोबर काय देतात ते विसरतात, हा त्यांचा जुना राग होता. "जनावर रोगानं कमी, मायेनं जास्त बिमार पडते," असं ते म्हणत, आणि म्हणताना समोरच्याकडे असे पाहत की त्याला आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटे.

आमचं गाव कुरखेड्यापासून सायकलनं तासाभराच्या वाटेवर. तीन बाजूंनी धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेली शेतं, चौथ्या बाजूला जंगल. जनावरांचा दवाखाना दोन खोल्यांचा, पुढे बैल अडकवायचा लाकडी खोडा. डॉक्टरसाहेबांकडे आणखी दोन दवाखान्यांचा भार होता, म्हणून ते मंगळवारी आणि शुक्रवारी येत. उरलेले दिवस बशीरभाईंचे. सरकारी कागदावर त्यांचं पद होतं व्रणोपचारक. जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. हा शब्द गावात कुणालाच म्हणता येत नसे. पोस्टमन त्यांना 'वनउपचारक' म्हणे आणि बरेच जण त्यांना वनखात्याचा माणूस समजत. लाकूड तोडायची परवानगी मागायलाही एकदोघं येऊन गेले होते.

त्यांच्या खोलीत दाराआड एक खिळा होता. त्यावर एक धुतलेली पॅन्ट आणि सदरा कायम टांगलेला. दिवसभर शेण, रक्त, कुत्र्यामांजरांची लाळ अंगावर घ्यायची, आणि नमाजाची वेळ झाली की हातपाय धुऊन खिळ्यावरचे कपडे घालायचे. घरी कुत्रं पाळलेलं त्यांच्या आईला चालण्यासारखं नव्हतं. पण दवाखान्यात आलेल्या कुत्र्याचा जबडा ते दोन्ही हातांनी उघडत. मी एकदा भीत भीत विचारलं होतं. ते म्हणाले, "नोकरी हाये मास्तर. अन् पाणी कायले बनवलं अल्लानं? धुवाले."

मी तिथल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे गावातल्या लोकांपेक्षा आपल्याला जरा जास्त कळतं, असं मला वाटायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

शाळेच्या मागं सापडलेलं कुत्रीचं एक पिल्लू मी खोलीवर आणलं होतं. रंग भुरका, म्हणून नाव भुरी. वर्षाची होईपर्यंत ती उत्तम होती. मग पावसाळा सरता सरता खाजवू लागली. पुढचे पंजे चाटून चाटून तपकिरी केले. कान आतून लाल, पोटावरचे केस गेले, काखेतली कातडी जाड आणि काळी पडली. जवळ बसलं की आंबूस वास येई. डॉक्टरसाहेबांनी सुई दिली की तीन आठवडे बरं वाटे, चौथ्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या सुईनंतर साहेब स्वतःच म्हणाले, ही सुई सारखी देणं चांगलं नाही, हिला अॅलर्जी दिसते, कशाची ते शोधावं लागेल. शोधणार कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. खाज कमी करायच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि ते मोटारसायकलवर बसून पुढच्या गावाला गेले.

माझे घरमालक किसनजी. माणूस चांगला. चांगला होता म्हणूनच त्यांनी एके दिवशी मी शाळेत असताना ट्रॅक्टरचं जळकं ऑइल भुरीच्या अंगभर चोपडलं. आमच्याकडे कुत्र्याच्या खरजेवर सगळे हेच करतात. मी संध्याकाळी तिला तशीच काळी, थरथरती, सायकलच्या कॅरिअरला टोपली बांधून दवाखान्यात घेऊन गेलो. बशीरभाईंनी कुलूप लावलं होतं, ते पुन्हा उघडलं.

"कोणी केलं?"

"घरमालकांनी. खरूज समजून."

"खरूज असती तं तुमाले बी खाजलं असतं इतक्या दिवसात. खाजते?"

"नाही."

"मंग कायची खरूज?"

भाताचा कोंडा मुठीमुठीनं चोळून त्यांनी तेल टिपून घेतलं, मग साबणाच्या कोमट पाण्यानं तीनदा धुतलं. भुरी एकदाही चावली नाही. ते मात्र सबंध वेळ कुणाला तरी शिव्या देत होते. किसनजींना, मला, ट्रॅक्टर बनवणाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः किसनजींच्या अंगणात आले. किसनजींच्या सुनेला पाच महिन्यांचं बाळ होतं. किसनजींना धास्ती होती ती त्याची.

"लागन ना जी पोराले," किसनजी म्हणाले.

"लागत नाई हे. दम्यासारखं समजा. दमेवाल्याच्या बाजूत बसून कोणाले दमा झाला का?"

"तुमी म्हणता, पण दिसाले तं खरूजच दिसते. मी शिमग्यापर्यंत थांबतो. मास्तरचं तोंड पाहून थांबतो. मंग जंगलात सोडून देऊ."

जंगलात सोडणं म्हणजे काय, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बिबट्या गाई सोडून कुत्र्यावर येतो. शिमग्याला नऊ आठवडे होते.

बशीरभाईंनी मला दवाखान्याच्या पायरीवर बसवलं. फार वर्षांपूर्वी एका डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली ते शिकले होते. ती रीत त्यांनी सांगितली. आठ आठवडे भुरीनं फक्त असं खायचं जे तिनं जन्मात कधी खाल्लेलं नाही. खाज गेली, तर रोग जुन्या खाण्यात आहे. मग जुन्यातलं एकेक परत द्यायचं आणि चोर पकडायचा. "आठ म्हणजे आठ. मधात एक बिस्कूट गेलं, तं पुन्हा एकपासून."

मी म्हणालो, हे तर मी आठवीला शिकवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ते म्हणाले, "शिकवणं येगळं मास्तर."

पण तिनं काय खाल्लेलं नाही? भात, वरण, दूध, पोळी मी देत होतो. बाकीचं शोधायला बशीरभाई घरोघर फिरले. आमच्या गल्लीत सात घरं. तलावाची मासोळी तीन घरांनी कबूल केली. अंडं एका घरानं. ज्या घरी तुळशीची माळ होती त्या घरातल्या म्हाताऱ्यानं त्यांना बाजूला घेऊन, सुनेला सांगू नका अशा बोलीवर, कोंबडीची हाडं कबूल केली. "नुसती भुरीसाठी आणतो," तो म्हणाला. बशीरभाईंनी मान डोलावली आणि यादीत लिहिलं.

शेवटी उरली ज्वारी. आमच्या गावात ज्वारी कुणी पेरत नसे, खात नसे. आणि दुसरं सोयाबीन, जे तेव्हा चंद्रपूरकडे नवं नवं येत होतं आणि जे कारखान्यात जातं, माणूस खात नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. बशीरभाईंचा मावसभाऊ वरोऱ्याकडे होता. त्यानं एसटीच्या टपावरून दोन्हीच्या थैल्या पाठवल्या. ज्वारीच्या कण्या आणि चांगलं शिजवून ठेचलेलं सोयाबीन. भुरीनं पहिल्या दिवशी त्या ताटाकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली.

लोकांनी खायला घालू नये म्हणून बशीरभाईंनी दोन गोष्टी केल्या. अॅलर्जी हा शब्द त्यांनी टाकून दिला, कारण गल्लीत त्याचं 'एनर्जी' झालं होतं आणि लोक म्हणत होते, एनर्जी आली तं चांगलंच झालं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, तिचं पथ्य चालू आहे. पथ्य लोकांना कळतं. बाळंतिणीचं पथ्य जसं कुणी मोडत नाही, तसं बायका पोरांना दटावू लागल्या. दुसरं म्हणजे, मळणीच्या वेळी बैलांनी धान खाऊ नये म्हणून तोंडाला जसं दोरीचं मुसकं बांधतात, तसं एक इवलंसं मुसकं त्यांनी सुतळीचं विणलं. बाहेर जाताना ते भुरीला घालायचं. पानठेल्यावरचे लोक मला विचारत, "काय जी मास्तर, कोणाचं धान खाते तुमची भुरी?"

मी वही घातली. तारीख, सकाळचं खाणं, संध्याकाळचं खाणं, गोळी दिली, किती वेळा खाजवलं. रेघा मारून, शाईच्या पेनानं. आपल्याला काहीतरी शास्त्रशुद्ध करायला मिळालं म्हणून मी मनातून सुखावलो होतो.

दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला. चौथ्यात थोडं कमी वाटलं, पण ते मलाच वाटलं. सहाव्या आठवड्यात तिनं कान खाजवून रक्त काढलं. मी शाळेत पोरांवर ओरडू लागलो. किसनजींची शिमग्याची तयारी सुरू झाली होती. अंगणात पळसाची फुलं आणून टाकली होती, रंग करायला. त्यांच्याकडे नुसतं पाहिलं तरी मला दिवस मोजता येत. सातव्या आठवड्याच्या शेवटी मी वही घेऊन दवाखान्यात गेलो आणि ती बशीरभाईंच्या टेबलावर जवळजवळ आपटलीच.

"तुमची रीत चुकीची आहे. सात आठवडे एक दाणा दुसरा गेला नाही. बघा."

त्यांनी चष्मा लावला. पहिल्या पानापासून वाचलं. बोट ओळीखाली ठेवून, शाळेतल्या पोरासारखं. वीसेक पानं झाल्यावर बोट थांबलं.

"गोळी देली, असं लिवलं रोज दोनदा."

"हो. एकदाही चुकवली नाही."

"कायच्यात?"

मी सांगू लागलो, आणि सांगता सांगता मलाच ऐकू आलं. किसनजींकडून माझ्यासाठी पावशेर दूध येई. भुरीचं दूध मी पहिल्याच दिवशी बंद केलं होतं. गोळी कडू, ती थुंकून टाकायची. म्हणून मी गोळी सायीत गुंडाळून देत होतो. बोटभर साय. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वहीत लिहिली नाही, कारण ते खाणं नव्हतं, औषध होतं.

बशीरभाईंनी चष्मा काढला. मला वाटलं ओरडतील. ते उठले, खिळ्यावरचे कपडे घेतले, हातपाय धुतले, कपडे बदलले आणि दवाखान्याला कुलूप लावून, मला पायरीवर तसंच ठेवून घरी गेले. इतक्या वर्षांत मला कुणी दिलेली ती सगळ्यात मोठी शिक्षा. माझ्या बापानं कुणाची कुणाची बांधी चिखलून मला शिकवलं होतं, आणि मला साय म्हणजे दूध हे समजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीवर आले. हातात दोरी होती.

"शिमग्याले आठ दिवस हाये. किसनजी मानणार नाई. द्या तिले."

"घरी नेणार?"

"आईले जीव द्यावा लागन. दवाखान्यात ठेवतो."

औषधांच्या सामानाच्या खोलीत त्यांनी एक कोपरा रिकामा केला. तिथं सरकारी सामानाशिवाय काही ठेवायला परवानगी नव्हती, आणि चावी त्यांच्या नावावर होती. बिबट्यामुळे ओट्यावर बांधणं शक्य नव्हतं. मला त्यांनी आठ आठवडे ताट बनवायला ठेवलं, पण द्यायला नाही. ताट, गोळी, पाणी सगळं त्यांच्याच हातून. गोळी ते ज्वारीच्या मऊ कण्यांच्या गोळ्यात दाबून देत. वही त्यांनी ठेवून घेतली. माझ्या प्रत्येक 'गोळी दिली' पुढे त्यांनी लाल बॉलपेननं एक शब्द लिहिला होता. कायच्यात? नव्वद-शंभर वेळा तरी लिहिला असेल.

मधेच एकदा जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला आले. मी त्या दिवशी ताट घेऊन तिथंच होतो. साहेबांनी सामानाची खोली उघडायला लावली. आत फिनेलच्या डब्यांमध्ये भुरी बसलेली, तोंडाला मुसकं.

"हे काय आहे?"

"व्रण हाये साहेब," बशीरभाई म्हणाले.

"काय?"

"व्रण. अन् मी व्रणोपचारक. उपचार चालू हाये."

तो शब्द साहेबांनी इतका स्पष्ट उच्चारलेला पहिल्यांदाच ऐकला असावा. त्यांनी भुरीच्या पोटाकडे वाकून पाहिलं. तिथं तोवर मऊ लव आली होती. साहेब म्हणाले, "फिनेलचे डबे मोजून घ्या," आणि बाहेर गेले.

सहाव्या आठवड्यात तिनं पंजे चाटणं सोडलं. आठव्यात कानाची लाली गेली. मग बशीरभाईंनी एकेक परत द्यायला सुरुवात केली. भात दहा दिवस, काही नाही. अंडं, काही नाही. मासोळी, काही नाही. मग एका सकाळी चमचाभर दूध. तिसऱ्या दिवशी कान लाल. त्यांनी मला बोलावून कान दाखवला आणि वहीत लाल पेननं लिहिलं, दूध. त्या वेळी ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

किसनजींनी तिला स्वतःच अंगणात घेतलं. सुनेचं पोर आता रांगत होतं, ते तिचं शेपूट धरून उभं राही. माझ्या मते गोष्ट इथं संपली होती.

आश्विनात भुरी पुन्हा पंजे चाटू लागली.

मी वेडापिसा झालो. दुधाचा थेंब नव्हता. गल्लीत कुणी मोडलं असेल म्हणून मी सातही घरांत भांडून आलो, माळकरी म्हाताऱ्याला त्याच्या सुनेसमोर कोंबडीची हाडं विचारून आलो. बशीरभाई शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत गेले आणि कमरेएवढं वाढलेलं गाजर गवत घेऊन आले. पांढऱ्या फुलांनी भरलेलं.

"हे तिचं दुसरं. मागच्या साली बी याच दिवसात सुरू झालं ना? दोन रोग हाये. दूध बारा महिने, गवत दोन महिने."

"मग एवढं करून फायदा काय झाला?" मी म्हणालो. आवाज चढला होता. "बरी तर झालीच नाही."

"बरी व्हाचीच नाई. कोणी सांगतलं तुमाले बरी होते म्हणून? पोरं आठवी पास झाले म्हणून शाळा बंद करता का? फिरवून आणलं का पाय धुवा, पोट पुसा. फूल सरलं का थांबा. पुढच्या साली पुन्हा."

"किती वर्षं?"

"जितके तिचे हाये तितके." हातातलं गवत टाकून ते म्हणाले, "बरं करणारे डॉक्टर असते मास्तर. आपलं काम सांभाळाचं."

मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. मला बरी झालेली भुरी हवी होती. पण मी पाय धुतले. पुढे माझी बदली नागभीडला झाली. भुरी टेम्पोत सामानावर बसून आली, आणि दर पावसाळ्याच्या शेवटी दोन महिने मी दाराशी बादली ठेवत राहिलो. लग्नानंतर माझ्या बायकोलाही पहिल्या आठवड्यात मी सायीची गोष्ट सांगितली. ती हसली. बादली मात्र तिनंही कधी उचलून ठेवली नाही. भुरी बारा वर्षं जगली आणि म्हातारपणानं गेली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बशीरभाई मला नागभीडच्या स्टेशनवर दिसले. नागपूरची छोटी गाडी लागली होती. निवृत्त होऊन चारेक वर्षं झाली होती. आधीच किडकिडीत, आता सदरा खिळ्यावर टांगल्यासारखा अंगावर होता. ते खिडकीशी बसले होते, मी खाली उभा. भुरी गेल्याचं मी सांगितलं. माझी चौकशी त्यांनी केली नाही.

"पाय धुत होते ना शेवटपर्यंत?"

"धूत होतो."

त्यांनी मान हलवली. डोळे दाखवायला नागपूरला चालले होते. साखर वाढून दिसायचं कमी झालं होतं. दोन वर्षांत डॉक्टरांनी तीनदा गोळी बदलली, पण साखर उतरत नाही, असं ते वैतागून सांगत होते. सांगता सांगता त्यांनी खिशातून गोळी काढली, जिभेवर ठेवली, आणि चहावाल्याकडून घेतलेल्या ग्लासातला घोट घेतला. स्टेशनचा चहा. दाट, गोड.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बशीरभाई, कायच्यात?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग ग्लासाकडे.

"रोज?" मी विचारलं.

"सकाळी अन् संध्याकाळी," ते म्हणाले. "पाण्यासंगं उतरत नाई गळ्याखाली." ग्लास त्यांनी तोंडापासून दूर धरला. "दोन वर्षात कोणी विचारलंच नाई, मास्तर."

शिट्टी झाली. गाडी हळू हलली. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला आणि त्यांनी उरलेला चहा रुळांच्या कडेला ओतून दिला, सगळा, ग्लास उलटा करून, झटकून. चहावाला ग्लासासाठी गाडीबरोबर पळत होता, आणि बशीरभाई त्याच्यावर ओरडत होते.